महागाई ‘घटली’ म्हणे!

प्रश्न आला आहे तो असा: “बातम्यांत कधी ‘चलनवाढ’ असतं, कधी ‘महागाई’, कधी ‘भाववाढ’. तिन्ही एकच का? आणि ‘महागाई घटली’ असं ज्या दिवशी सांगतात, त्या दिवशी आमच्या वाण्याकडे एकही भाव उतरलेला नसतो. मग चुकतं कोण, वाणी की बातमी?”

वाणी निर्दोष आहे. चूक बातमीची, आणि तीही अर्थशास्त्राची नव्हे, मराठीची. सरकारी आकडे दर महिन्याला येतात, त्यामुळे हे वाक्य मला महिन्यातून एकदा तरी ऐकावं लागतं, आणि दर वेळी मी टीव्हीशी भांडते.

‘-आई’ लावून आपण स्थिती सांगतो. नवलाई, चपळाई, दांडगाई, स्वस्ताई, महागाई. शाळेत याला भाववाचक नाम म्हणतात, आणि इथे तर ते दोन्ही अर्थांनी भाववाचक. चपळाई घटली म्हणजे माणूस मंद झाला. तशी महागाई घटली म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या. दुसरा अर्थ मराठीत निघत नाही. बातमीला सांगायचं असतं ते वेगळंच. समजा, 100 रुपयांचं सामान यंदा 106 ला मिळालं आणि पुढल्या वर्षी ते 109 ला मिळालं. वाढीचा वेग साधारण सहा टक्क्यांवरून तीनवर आला, पण महागाई आहे तिथून आणखी वर चढली. मुलगा गेल्या वर्षी सहा सेंटिमीटर वाढला आणि यंदा तीनच, म्हणून कोणती आई ‘पोराची उंची निम्म्यावर आली’ म्हणून रडत बसेल?

‘महागाईचा दर घटला’ म्हणा, ‘महागाईची चाल मंदावली’ म्हणा. मथळ्यात जागा पुरत नाही म्हणून ‘दर’ गाळतात, आणि गाळू नये असा तो एकच शब्द असतो. रिझर्व्ह बँकेला तरी भाव उतरवायला कोणी सांगितलंय? 2016 साली कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून तिला नेमून दिलेलं लक्ष्य आहे किरकोळ बाजारातल्या महागाईचा दर 4 टक्क्यांवर ठेवण्याचं, दोन टक्के अलीकडे, दोन टक्के पलीकडे. म्हणजे बँक पैकीच्या पैकी गुण मिळवून पास झाली तरी तुमचा वाणी भाव वाढवतच राहणार.

‘भाववाढ’ सरळमार्गी शब्द आहे. त्याला सोडून देऊ.

‘चलनवाढ’ मात्र लबाड. फोडून बघा: चलन आणि वाढ. त्यात भावाचा पत्ताच नाही! शब्द म्हणतो, नोटा-नाणी वाढली. ती वाढली म्हणून भाव चढले, हा निष्कर्ष आपण गुपचूप त्याच्या खिशात घातलेला. यात मराठीचा दोष थोडाच. इंग्रजीतलं ‘इन्फ्लेशन’सुद्धा एकोणिसाव्या शतकात चलनाच्या फुगण्यालाच म्हणायचे. भाव चढण्याला ते नाव नंतर चिकटलं. आपण भाषांतर केलं जुन्या अर्थाचं आणि वापरतो नव्या अर्थाने. अर्थशास्त्रज्ञांत यावरून केवढी हाणामारी आहे, आणि आपला शब्द जन्मतःच एका पक्षात जाऊन बसलाय. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांचं ते गाजलेलं विधान, की इन्फ्लेशन ही सदासर्वकाळ आणि सर्वत्र पैशामुळेच घडणारी गोष्ट आहे, ते 1963 साली भारतात दिलेल्या व्याख्यानांतलं. पुस्तिकाही निघाली ती मुंबईत. त्यांना मराठी येत असतं तर म्हणाले असते, यात मी नवीन काय सांगतोय, तुमच्या शब्दातच आहे की.

पण ज्यांना फ्रीडमन पटत नाहीत त्यांनी काय करायचं? पाऊस अवेळी पडला, साठवणीच्या चाळीत कांदा सडला, भाव भडकला. लगेच बातमी: ‘कांद्यामुळे चलनवाढ’. कांद्याने नोटा छापल्या का? ‘कांद्यामुळे महागाई’ लिहा, कोणाचंच भांडण नाही. पाठ्यपुस्तकं ‘चलनवाढ’ला प्रमाण मानतात आणि ‘महागाई’ला बायकांच्या मोर्च्याचा शब्द समजतात. मला विचाराल तर उलट हवं. महागाई ही वस्तुस्थिती आहे, चलनवाढ हा आरोप आहे. आरोप सिद्ध करा, मग शब्द वापरा.

जाता जाता: ‘चलन’ म्हणजेच मुळात हालणं-फिरणं. म्हणून पैसा किती झपाट्याने हात बदलतो याला जेव्हा ‘चलनवेग’ म्हणतात, तेव्हा तो चालण्याच्या चालण्याचा वेग होतो. आणि 2016 च्या नोटबंदीला कागदोपत्री जे ‘निश्चलनीकरण’ म्हणत होते, ते बोलताना अर्ध्या निवेदकांची जीभ निश्चल झालेली मी स्वतः पाहिली आहे.

असो. मला खरं तर ‘महाग’कडे यायचं होतं.

‘महा + आग = महाग, कारण भाव पेटतात’ ही व्युत्पत्ती मी चक्क छापील पाहिली आहे. लिहिणाऱ्यांच्या नावापुढे पदव्या होत्या. भाव पेटोत की विझोत, ‘महाग’ला आगीची धगसुद्धा लागलेली नाही. मूळ शब्द ‘महार्घ’. अर्घ म्हणजे मोल, महा-अर्घ म्हणजे ज्याचं मोल मोठं ते. पालीत ‘महग्घ’. जोडाक्षर सुटताना मागचा स्वर लांबवायची मराठीची सवय (सत्त–सात, हत्थ–हात), त्यामुळे महग्घचा महाग. ‘घ’चा ‘ग’ झाला, कारण आधीच एक ‘ह’ बसलेला आहे आणि एका शब्दात दोनदा धाप टाकायला आपल्याला आवडत नाही. ‘हत्थ’चा ‘हाथ’ न होता ‘हात’ झाला तोही त्याच आळसाने. गुजरातीत ‘ह’ विरघळून गेला, म्हणून तिथे ‘मोंघुं’मध्ये ‘घ’ टिकला. आणि गोव्यात जाऊन भाव विचारा, ‘म्हारग’ म्हणतील. ‘र’सुद्धा शाबूत! पेशवाईच्या काळातल्या कागदपत्रांत ‘महर्गता’ भेटते तिच्यातही तो आहे.

आता खरी मजा. महार्घ असेल तर त्याचा उलटा जोडीदार कुठे गेला? गुजरातीत तो राजरोस नांदतो: मोंघुं आणि सोंघुं, महाग आणि स्वस्त. संस्कृतात ‘समर्घ’. आणि मराठीत? ‘सवंग’! होय, ‘सवंग लोकप्रियता’मधला सवंग. ग्रामचं गाव, नामचं नाव, भ्रमरचा भोवरा, तसा ‘म’चा ‘व’ झाला, आणि ‘म’ जाताना त्याने सोडलेला नाकातला आवाज पुढे ‘ग’च्या आधी जाऊन बसला. (हिंदीने तर कारण नसताना ‘महँगा’तही नाक खुपसलं आहे.) सवंगचा संबंध ‘सोंगा’शी जोडणारे एक गृहस्थ मला ठाऊक आहेत. त्यांना एकच विचारते: स्वांगाचं सोंग होऊन मोकळं झालं, मग तेच स्वांग पुन्हा सवंग व्हायला कशाला आलं?

आणि हा ‘समर्घ’ म्हणजे ‘सम + अर्घ’ नव्हे बरं का. तसं असतं तर संधी होऊन ‘समार्घ’ झाला असता. इथे ‘सम्’ उपसर्ग आहे, ‘समुचित’मधला. माझं मत असं की, सवंग म्हणजे हलकं नव्हे, मोलाला जुळणारं. दिलेल्या पैशांचं चीज करणारं. शेजारच्या फारसीत बघा. तिथे ‘अर्ज़’ म्हणजे मोल, हे आपल्या अर्घाचंच भावंड, आणि त्यावरून ‘अर्ज़ान’ म्हणजे स्वस्त. मोलाचं ते स्वस्त! आजच्या इराणात परकीय चलनाला ‘अर्ज़’ म्हणतात. (आपला कचेरीतला ‘अर्ज’ वेगळा, तो अरबी, त्याचं मोल सगळ्यांना माहीत आहे.) लिथुआनियात पगाराला ‘अल्गा’ म्हणतात, तोही याच कुळातला.

पुढे ‘स्वस्त’ने बाजार बळकावला आणि बिचारा ‘सवंग’ बाजारातून उठून चारित्र्यात शिरला. आता विनोद सवंग असतो, घोषणा सवंग असते, भेंडी कधीच सवंग नसते. इंग्रजीतल्या ‘चीप’ची नक्कल म्हणून हे झालं असं मानणारे आहेत. असेलही थोडं. पण मला वाटतं, जो शब्द बाजारात बेकार होतो तो शिवी व्हायला मोकळाच असतो.

अर्घाचं म्हणाल तर तो आपल्या पहिल्या अर्थशास्त्रज्ञांचा रोजच्या वापरातला शब्द. कौटिल्याचा पण्याध्यक्ष, म्हणजे सरकारी मालाचा मुख्य अधिकारी, त्याने काय करावं? ‘यच्च पण्यं प्रचुरं स्यात्तदेकीकृत्यार्घमारोपयेत्।’ जो माल मुबलक असेल तो एका जागी गोळा करून त्याचा अर्घ चढवावा. साठेबाजी हो! तीही सरकारची. आणि ‘आरोपयेत्’चं मराठी करायला कोश उघडावा लागत नाही, ‘भाव चढवणे’ तयारच आहे. उलट बाजूला याज्ञवल्क्य स्मृती: कारागिरांना पीडा होईल अशा रीतीने व्यापाऱ्यांनी संगनमत करून अर्घ ठरवला, ‘अर्घस्य ह्रासं वृद्धिं वा’ केली, तर सर्वात जबर दंड. ह्रास आणि वृद्धी, दोन्ही गुन्हे. भाव पाडणाराही चोरच, हे आजच्या कांदा उत्पादकाला सांगून बघा, पाया पडेल.

अमरकोशात अर्घाचे दोन अर्थ एका दमात दिलेत, ‘मूल्ये पूजाविधावर्घः’: किंमत आणि पूजेचा उपचार. सूर्याला देतो ते अर्घ्य आणि दुकानदाराला देतो ती किंमत, मूळ एकच. ज्याची जेवढी योग्यता तेवढं त्याला द्यायचं. दुकानदार तेवढं तांब्याभर पाण्यावर भागवत नाही.

आता माझा लाडका सिद्धांत. आवडला नाही तर पुढचे दोन परिच्छेद सोडून द्या. आपण हल्ली भाव ‘किलोला इतके रुपये’ असा सांगतो. जुनी पद्धत उलटी. धान्याच्या बाजारभावाला मराठीत ‘धारण’ म्हणत, आणि ती सांगायची ‘रुपयाला इतक्या पायल्या’, ‘रुपयाला इतके शेर’ अशी. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरांत ज्वारी-बाजरीचे भाव ‘रुपयाला इतके पौंड’ (वजनाचे पौंड, पैशाचे नव्हेत) असेच छापलेत. रुपयाला चाळीस पौंडांवरून वीस पौंड असं वाचलं की नवखा अभ्यासक म्हणतो, वा, निम्म्याने स्वस्त झालं. झालेलं असतं दुप्पट महाग.

माझं म्हणणं, ही उलटी नव्हती, सुलटी होती. मोजायचं होतं ते धान्य नव्हे, रुपया. आज रुपयात किती दम आहे? चाळीस पौंडांचा. उद्या? वीस पौंडांचा. धान्य जागच्या जागी आहे, रुपया हडकला. डॉ. आंबेडकरांनी 1923 साली लंडनमध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ छापलं, त्यात इंग्रज अर्थशास्त्रज्ञ केन्स यांच्याशी वाद घालताना हेच मध्यभागी ठेवलं: रुपया सोन्याच्या तुलनेत स्थिर आहे की नाही यावर जाऊ नका, त्याची एकूण क्रयशक्ती स्थिर केल्याशिवाय रुपया स्थिर होणार नाही. ‘रुपयाला सोळा पायल्या’ म्हणणाऱ्या अडत्याला हे वाक्य एका झटक्यात कळलं असतं. ‘क्रयशक्ती’ हा शब्द पाठ करून परीक्षेला बसणाऱ्यांना तो कळायला अख्खं वर्ष लागतं. धारण गेली आणि रुपयाकडे बघायची नजर गेली, असं मी कोणी विचारो न विचारो सांगत असते. ‘भाव मोजायची पद्धत भाषेचा विषय नाही’ असं मला एकदा एका परिसंवादात ऐकवण्यात आलं होतं. मग कोणाचा?

आणि धारण गेली म्हणजे शब्द गेला, रीत नाही. लिंबं अजून दहाला तीन किंवा चार असतात. पाच रुपयांचा बिस्किटपुडा वर्षानुवर्षं पाच रुपयांचाच राहतो आणि आतून बारीक होत जातो. ही शुद्ध धारण. आमच्या गल्लीत कांद्याचा टेम्पो येतो, त्यावर ध्वनिमुद्रित आवाज: “शंभरला पाच किलोऽऽ”. मागच्या आठवड्यात तो “शंभरला तीन” म्हणू लागला. आकडा घटला, महागाई वाढली. बातमीवाल्यांना त्या टेम्पोमागे दोन दिवस फिरवायला हवं.

मी खाली उतरले आणि नव्या पद्धतीने विचारलं, “किलोला काय?”

तो म्हणाला, “शंभरला तीन, ताई.”

“हो, पण एक किलो घेतला तर?”

“एक घेतलात तर चाळीस.”