बाल्कनीत येणारी मांजर गाभण आहे. घर शाकाहारी आहे. तिला काय खायला घालू आणि पिलं झाल्यावर काय काळजी घेऊ?

आधी दूध-पोळी बंद करा. तुम्ही लिहिलंय की दोन्ही वेळा वाटीभर दूध आणि कुस्करलेली पोळी ती चाटूनपुसून संपवते, तरी दाराशी ओरडत बसते. ती खरोखरच उपाशी आहे हो. माझी आजीही मांजरांना दूध-पोळीच घालायची, पण आमचं घर रत्नागिरीजवळ, वाडीत. आजीची मांजरं रात्रभर उंदीर मारायची, दुपारी मासळी साफ करताना डोकी-शेपट्या खायची. दूध हा वरचा खाऊ होता. तुमच्या तिसऱ्या मजल्यावर येणारीला ती सोय नाही. त्यात बऱ्याच मोठ्या मांजरांना गाईम्हशीच्या दुधातली साखर पचत नाही आणि ढाळ लागते. गाभण जनावराला ढाळ लागली की पोटच्या पिलांच्या वाट्याचंच जातं.

मांजर पक्की मांसाहारी. टॉरिन नावाचं एक द्रव्य तिच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, ते मांस-मासळीतूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं तर गर्भ पोटातच जिरतात, नाहीतर पिलं अशक्त जन्मतात. डाळ, पनीर यांनी ही कमतरता भरून निघत नाही, आणि कुत्र्यांचं खाणंही मांजरीला पुरत नाही.

घरात मांस शिजवायचं नाही हे मी समजू शकते. तुमच्यासाठी सरळ उपाय म्हणजे दुकानात मिळणारं कोरडं किटन फूड. पाकिटावर पिलाचं चित्र असतं म्हणून बिचकू नका. वाढत्या पिलाला लागतात तशी जास्तीची प्रथिनं, चरबी आणि कॅल्शियम गाभण नि पाजणाऱ्या आईलाही लागतं, त्यामुळे पिलं दूध सोडेपर्यंत तिला तेच घाला. पहिले चार-पाच दिवस पाण्यात भिजवलेल्या पोळीत थोडं थोडं मिसळून वाढवत न्या. शेवटच्या दिवसांत पिलांमुळे पोटात जागाच उरत नाही, म्हणून दोनदा भरपूर देण्यापेक्षा चार-पाच वेळा थोडं थोडं द्या. कोरड्या खाण्याबरोबर पाणी फार लागतं. पसरट वाडग्यात, खाण्यापासून जरा लांब ठेवलंत तर ती जास्त पिते.

आता दिवस मोजा. मांजर साधारण 63 ते 65 दिवसांनी विते. तिसऱ्या आठवड्यात स्तनाग्रं गुलाबी होतात, पोट नजरेत भरतं ते पाचव्याच्या आसपास. म्हणजे तिचं पोट आत्ता दिसायला लागलं असेल, तर तुमच्या हाताशी तीन-चार आठवडे आहेत.

आता जे सांगणार आहे ते मला फार उशिरा कळलं. आमची ठकी व्याली तेव्हा पाच पिलं झाली. आम्ही लाड म्हणून तिला रोज उकडलेलं चिकन घालत होतो, हाडं काढून, निव्वळ मांस. ती खायची, अंग धरलं होतं, सगळं छान दिसत होतं. पिलं तीन आठवड्यांची झाली आणि एका रात्री ती टोपलीतून उठून बाहेर आली. चालताना मागचे पाय काठीसारखे ताठ, तोंड उघडं टाकून धापा, आणि पाठीवर हात ठेवला तर आत बारीक थरथर. पिलं मागे ओरडत होती आणि ती वळून बघत नव्हती. ठकीने पिलांकडे न बघणं यानेच माझ्या पोटात गोळा आला. डॉक्टरांनी हाताच्या बोटांनी तिच्या छातीचे ठोके मोजत शिरेतून हळूहळू कॅल्शियम दिलं. काही मिनिटांत थरथर थांबली, तिने मान वर केली. मग डॉक्टरांनी समजावलं की नुसत्या मांसात कॅल्शियम नसल्यासारखंच असतं. पाच पिलांचं दूध तयार करताना तिच्या रक्तातलं कॅल्शियम ओढलं गेलं होतं. थोडा उशीर झाला असता तर झटके येऊन ती गेली असती.

म्हणून तुमच्या शेजारणीने चिकन आणून द्यायची तयारी दाखवलीय तर जरूर घ्या, पण किटन फूडच्या सोबत, त्याच्या जागी नाही. मीठ, मसाला, कांदा, लसूण काहीही नको. रोज कलेजी नको, त्यातलं अ जीवनसत्त्व गर्भात फार झालं तर व्यंग येतं. आणि हे वाचून गाभणपणातच कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करू नका. बाहेरून आयतं मिळालं की हाडांतून कॅल्शियम काढायची शरीराची सवय सुस्तावते, आणि नेमकं पाजायच्या वेळी घात होतो.

पाजणाऱ्या मांजरीची भूक बघून लोक घाबरतात. घाबरू नका. चार किलोची मांजर एरवी दिवसाला 50-60 ग्रॅम कोरडं खाणं खाते. पिलं तीन-चार आठवड्यांची असताना ती त्याच्या दुप्पट-अडीचपट खाईल, पिलं जास्त असली तर तिप्पट. या काळात मोजून घालायचं नाही. वाडगं भरलेलं राहू दे. पिलांसाठी तुम्ही करू शकता अशी सगळ्यात मोठी गोष्ट हीच, बाकीचं बहुतेक ती स्वतः करते.

बाळंतपणासाठी पुठ्ठ्याचं खोकं घ्या, तिला आत वळता येईल एवढं. जुनी सुती साडी किंवा चादर घाला, टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत पिलांची नखं अडकतात. खोकं आडोशाला ठेवा आणि आत्तापासूनच ठेवा, म्हणजे तिचा वास त्याला लागेल. मांजर पिलांना सात घरं फिरवते म्हणतात, पण जागा गरम, कोरडी, शांत असेल आणि दर तासाला कुणी डोकावत नसेल तर ती एकाच घरात राहते. बाल्कनी फिनाइलने पुसत असाल तर तेही थांबवा, मांजरांना ते विषारी आहे. गरम पाणी पुरतं.

कळा सुरू झाल्या की लांब बसा. दोन पिलांमध्ये दहा मिनिटं ते तासभर जाऊ शकतो. वार ती खाते, खाऊ दे. पण जोरात कळा देऊन अर्धा तास झाला आणि पिलू आलं नाही, किंवा रक्त वाहतच राहिलं, तर थांबू नका. जवळचा जनावरांचा दवाखाना रात्री उघडा असतो का, हे आजच विचारून ठेवा.

पिलांना हात लावला तर आई टाकते का, असं तुम्ही विचारलंय. तुमच्यावर तिचा विश्वास असेल तर नाही टाकत. पहिले दोन दिवस तेवढे सोडा. नंतर रोज ठरावीक वेळी, ती जेवत असताना, एकेक पिलू वाटीत ठेवून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा. जन्मतः साधारण 100 ग्रॅम, आणि रोज 10 ते 15 ग्रॅम वाढ हवी. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट काटा सांगतो. ठकीचं सगळ्यात धाकटं पिलू सलग दोन दिवस 112 वरच अडकलं, तेव्हा आम्ही ते भरल्या स्तनाशी नेऊन लावायला लागलो. बाकीची चार त्याला ढकलत होती एवढंच कारण होतं. एखादं पिलू गार लागलं तर आधी छातीशी धरून ऊब द्या, मगच दूध. गार पिलाला पाजलेलं पचत नाही. आणि वरचं दूध द्यायची वेळ आलीच तर पिलांसाठीची दुधाची पावडर, पिलू पालथं ठेवून. उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं.

चौथ्या आठवड्यापासून भिजवलेलं किटन फूड पिलांपुढेही ठेवा. जंतांचं औषध डॉक्टरांना विचारून, आई आणि पिलं दोघांना एकदमच द्या, कारण जंत दुधातून पिलांत जातात.

एक गोष्ट मात्र आत्ताच डॉक्टरांशी ठरवून टाका. पाजत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते, आणि बाल्कनीत बोके येतातच. पिलं सात-आठ आठवड्यांची होऊन दूध सुटेपर्यंत तिला रात्री आत घ्या. मग दूध आटलं की तिचं ऑपरेशन करून घ्या. ठकीचं आम्ही लांबवलं आणि चार महिन्यांत तिला पुन्हा चार पिलं झाली. त्या वेळी तिच्या पाठीचे मणके हाताला लागत होते.