सर्व्हर रीस्टार्ट करण्याआधी

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचा सर्व्हर उबुंटूवर आहे, डेटाबेस मायएसक्यूएल, ४ कोअर, १६ जीबी रॅम. सोमवारी रीस्टार्ट केला की दोन-तीन दिवस बरा चालतो. गुरुवारपासून खातं उघडायलाही वेळ लागतो. रॅम वाढवावी का?

उत्तर : एवढ्यावरून रॅमवर खर्च करू नका. रीस्टार्टमुळे त्रास थांबतो खरा, पण कोणत्या प्रोसेसने मेमरी धरली होती, कोणतं काम दुसऱ्या कामाने अडवून ठेवलेल्या नोंदीवर (लॉकवर) अडकलं होतं, हा पुरावाही पुसला जातो.

गुरुवारी सर्व्हर मंदावला की तेव्हाच 'व्हीएमस्टॅट १ ३०' ही आज्ञा चालवा. ती दर सेकंदाला एक अशा ३० ओळींत सर्व्हरची स्थिती दाखवते. पहिली ओळ सोडा. ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. 'आर' (चालू असलेल्या किंवा सीपीयूची वाट पाहणाऱ्या प्रोसेस) सतत ४ च्या, म्हणजे तुमच्या कोअरच्या संख्येच्या, बराच वर राहिला, तर सीपीयू कमी पडतोय. 'एसआय' आणि 'एसओ' (रॅम आणि डिस्क यांच्यातली मेमरीची ने-आण) सतत हलत असतील, तर रॅम अपुरी आहे. 'बी' (अडकून पडलेल्या प्रोसेस) आणि 'डब्ल्यूए' (डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ) चढलेले असतील, तर काम डिस्कपाशी तुंबलंय. नुसत्या लोड ॲव्हरेजवर (सर्व्हरवरच्या भाराच्या सरासरी आकड्यावर) विसंबू नका. लिनक्स त्यात डिस्कसाठी खोळंबलेल्या प्रोसेसही धरतं, म्हणून सीपीयू मोकळा असूनही आकडा फुगतो. रॅमचा हिशेब दाखवणाऱ्या 'फ्री -एम' या आज्ञेत 'अव्हेलेबल' हाच रकाना बघा.

दिवसागणिक मंदावणं आणि रीस्टार्टने लगेच सुधारणं, यावरून पहिला संशय उघड्या राहिलेल्या ट्रान्झॅक्शनवर (डेटाबेसमध्ये एकत्र पूर्ण करायच्या कामांच्या गटावर) येतो. एखाद्या रिपोर्टने ट्रान्झॅक्शन सुरू करून कमिट (पक्कं करून बंद) केलंच नाही, तर इनोडीबीला (मायएसक्यूएलच्या डेटा साठवणाऱ्या इंजिनाला) बदललेल्या ओळींच्या जुन्या प्रती काढून टाकता येत नाहीत. त्या साचतात आणि वाचन जड होत जातं. मायएसक्यूएलमध्ये 'शो इंजिन इनोडीबी स्टेटस' ही आज्ञा देऊन 'हिस्टरी लिस्ट लेंथ' (साचलेल्या जुन्या बदलांचा आकडा) रोज त्याच वेळी टिपा. आकडा चढतच राहिला, तर मायएसक्यूएलच्या 'इन्फर्मेशन स्कीमा'तल्या 'इनोडीबी_टीआरएक्स' या चालू ट्रान्झॅक्शनच्या तक्त्यात सर्वांत जुनी 'टीआरएक्स_स्टार्टेड' वेळ शोधा. शेजारीच कनेक्शनचा क्रमांक मिळेल. ते कनेक्शन 'किल' (जबरदस्तीने बंद) करता येतं, पण त्यातले कमिट न झालेले बदल रद्द होतात; आधी काउंटरवर विचारून घ्या. कायमचा इलाज सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याकडेच आहे, आणि त्याच्यापुढे हेच आकडे ठेवा.

इथे काही सापडलं नाही, तर प्रत्येक प्रोसेसचा 'आरएसएस' (तिने प्रत्यक्ष धरलेली रॅम) रोज टिपा. एकीचाच चढत असेल आणि कधीच उतरत नसेल, तर ती मेमरी गळती, म्हणजे घेतलेली मेमरी परत न सोडणं. तेवढीच सर्व्हिस रीस्टार्ट करा. स्लो क्वेरी लॉगही (ठरावीक वेळेपेक्षा रेंगाळणाऱ्या डेटाबेस-प्रश्नांची नोंदही) लावा. मुळात त्याची मर्यादा १० सेकंद असते, काउंटरसाठी ती १ करा. यासाठी मायएसक्यूएल बंद करावं लागत नाही.

'सिसस्टॅट' पॅकेज आजच चालू करा. ते दर १० मिनिटांनी सर्व्हरवरच्या भाराची नोंद ठेवतं, म्हणजे सोमवार सकाळ ११ आणि गुरुवार सकाळ ११ शेजारी ठेवून बघता येतील.