उडत्या रोहित पक्ष्यावर फोकस

प्रश्न : भिगवणला उडणाऱ्या रोहित पक्ष्यांवर फोकस झाल्याचा ‘बीप’ ऐकू येतो, तरीही माझ्या कॅननवर छायाचित्र अस्पष्टच का येते?

उत्तर : आपला कॅमेरा बहुधा ‘वन शॉट’वर असावा. या पद्धतीत बटण अर्धे दाबताच फोकस त्या अंतरावर कायम होतो आणि ते पूर्ण दाबेपर्यंत पक्षी पुढे सरकलेला असतो. त्याऐवजी ‘एआय सर्वो’ निवडल्यास, बटण अर्धे दाबून धरलेले असेपर्यंत कॅमेरा अंतर सतत मोजत राहतो आणि पक्षी पुढच्या क्षणी कुठे असेल याचाही अदमास घेतो. निकॉनमध्ये हीच सोय ‘एएफ-सी’ या नावाने मिळते. सर्वोमध्ये बीप वाजत नाही. तो बिघाड समजू नये. डोळा रेखीव आणि केवळ पंख पुसट येत असतील, तर मात्र दोष फोकसचा नसून शटरच्या कमी वेगाचा आहे. अशा वेळी १/२००० सेकंद वेग ठेवून पाहावा.