अमेरिकेत सरकारी वकील खासदारांचे फोन रेकॉर्ड त्यांना न सांगता मागवू शकतात का? घटनेचं संरक्षण असतं ना?

हो, मागवू शकतात, आणि आत्तापर्यंत दोन्ही पक्षांच्या खासदारांचे मागवून झालेत. संरक्षण आहे पण अर्धवट. तिकडच्या घटनेत 'स्पीच ऑर डिबेट' म्हणून तरतूद आहे, सभागृहात जे बोललात, जे मत दिलंत त्याचा जाब बाहेर कुठेही विचारता येत नाही. लाच घेतली तर मात्र हे कवच नाही, ते 1972 च्या ब्रूस्टर खटल्यातच ठरलंय.

याबाबतीत महत्त्वाची केस म्हणजे विल्यम जेफरसन. लुइझियानाचे हे खासदार, घरच्या फ्रीजरमध्ये 90 हजार डॉलर रोख सापडलेले, त्यामुळे 2006 मध्ये एफबीआयने वॉरंट काढून त्यांच्या संसदेतल्या ऑफिसवरच छापा टाकला. तरी 2007 मध्ये अपील कोर्ट म्हणालं की एफबीआयने कागद वाचायच्या आधी, यातले कुठले संसदेच्या कामाचे आहेत हे सांगायची संधी जेफरसनना मिळायला हवी होती. आणि 2009 मध्ये ज्युरीने त्यांना दोषी ठरवलंच, म्हणजे अशी संधी दिली की आरोपी सुटतोच असं अजिबात नाही.

पण फोनचं वेगळं आहे. कुणी कुणाला कधी आणि किती वेळ फोन केला याचा रेकॉर्ड कंपनीकडे असतो, आणि 1979 पासून सुप्रीम कोर्टाचं मत असं की डायल केलेले नंबर तुम्ही स्वतःच कंपनीला दिलेत, त्यामुळे वॉरंट लागत नाही, ग्रँड ज्युरीचा (खटला भरायचा का हे ठरवणारी नागरिकांची समिती) सबपीना, म्हणजे रेकॉर्ड द्या असा लेखी हुकूम, पुरतो. वर कोर्टाकडून कंपनीला ऑर्डर, की ग्राहकाला सांगायचं नाही. मग खासदाराला पत्ताच नाही तर तो हक्क सांगणार कधी?

ट्रम्प यांच्या पहिल्या टर्ममध्ये गुप्त माहिती बातमीदारांपर्यंत फुटल्याच्या (लीकच्या) तपासात ॲडम शिफ आणि एरिक स्वॉलवेल या डेमोक्रॅट्सचे रेकॉर्ड असेच गेले, सोबत संसदेच्या 43 कर्मचाऱ्यांचेही. 2023 मध्ये ट्रम्प यांचा तपास करणारे विशेष सरकारी वकील जॅक स्मिथ यांच्या टीमने किमान 8 रिपब्लिकन सिनेटर्सचे कॉल रेकॉर्ड मागवले, 6 जानेवारी 2021 च्या, म्हणजे संसदेवर जमाव चालून गेला त्या दिवसाच्या, आसपासचे, आणि ते उघड झालं थेट 2025 मध्ये. मला सगळ्यात जास्त खटकलं ते म्हणजे न्याय खात्याच्याच इन्स्पेक्टर जनरलने (खात्याच्या कारभारावर नजर ठेवणारा अधिकारी) 2024 मध्ये सांगितलं की पहिल्या प्रकरणात गुप्ततेची ऑर्डर मागताना हे नंबर खासदारांचे आहेत हे अर्जात लिहिलेलंच नव्हतं, म्हणजे जजलाही कळायला मार्ग नव्हता!

नोव्हेंबर 2025 मध्ये यावर उपाय म्हणून, रेकॉर्ड असे न कळवता घेतले तर सिनेटर्सना सरकारवर 5 लाख डॉलरचा दावा लावता येईल असं कलम खर्चाच्या बिलात घुसवलं, आणि आठवड्यातच हाऊसने, म्हणजे संसदेच्या दुसऱ्या सभागृहाने, ते रद्द करायला 426 विरुद्ध 0 मतं दिली. बरोबरच केलं, भरपाई फक्त सिनेटर्सनाच का? माझ्या मते अर्जात खासदाराचं नाव सक्तीचं करा, आणि त्याला सांगितल्याने तपास बिघडणार असेल तर निदान सभागृहाच्या वकिलांना आधी कळवा, म्हणजे कुणीतरी कोर्टात उभं राहून बोलू शकेल.