अर्ज जातो, बोलावणे येत नाही

प्रश्न : मी यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली असून भोसरीतील एका कारखान्यात ४ वर्षे गुणवत्ता विभागात आहे. चाकणच्या कंपन्यांकडे ४ पानी बायोडेटा पाठवतो, परंतु मुलाखतीचे बोलावणे येत नाही. काय चुकते? – एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : आपला बायोडेटा मी बारकाईने वाचला. पहिले पान जन्मतारीख, वडिलांचे नाव, धर्म आणि छंद यांतच संपते, आणि ज्या अनुभवासाठी कंपनी आपल्याला बोलावेल तो तिसऱ्या पानावर ‘गुणवत्ता विभागात काम केले’ एवढ्या एका ओळीत उरकला आहे, याचे मला मनापासून वाईट वाटले. त्या जागी ‘सीएनसी यंत्रावरील भागांची व्हर्नियर व मायक्रोमीटरने तपासणी, दर पाळीला सुमारे ३०० नग, नाकारलेल्या नगांची नोंद व कारणांचा अहवाल’ असे लिहा. आकडे मात्र आपल्या नोंदवहीतलेच असू द्यावेत, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न त्यांवरच येतो. हा अनुभव सर्वांत वर घ्या आणि सारे २ पानांत बसवा.

अनेक मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी संगणकप्रणाली चाळते आणि तिला चौकटी किंवा दोन रकाने नीट वाचता येतीलच असे नाही. म्हणून मांडणी साधी ठेवून जाहिरातीतील जे शब्द आपल्या कामाला खरोखर लागू पडतात, तेच वापरावेत. आधार क्रमांक मुळीच देऊ नये. सरकारी भरतीत मात्र ठरवून दिलेला नमुनाच भरावा लागतो.