पेपर शंभरचा नव्हता

"मॅडम, हे चालले-फिरले तर परत काही होणार नाही ना?"

मी समुपदेशक आहे, आणि गेल्या दोन महिन्यांत हा प्रश्न मी चौथ्यांदा ऐकला. अँजिओप्लास्टी होऊन घरी आलेला माणूस. गोळ्या वेळेवर चालू, डॉक्टर सांगतात रोज चाला, आणि माणूस दिवाणखान्यातल्या पलंगावरून हलायला तयार नाही. बायको चहासुद्धा हातात आणून देते. घर कुजबुजत बोलतं. स्टेंट, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसून चार-चार महिने होतात, पण त्या घरात अजून अटॅकचाच दिवस चालू असतो.

म्हणून सरांची गोष्ट लिहिते आहे. त्यांच्या परवानगीने, आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

सर साताऱ्याचे. गणिताचे निवृत्त शिक्षक, वय 63. रोज पहाटे अजिंक्यतारा चढणारे. एका सकाळी चढावर छातीच्या मधोमध पाटा ठेवल्यासारखं जड झालं, जबड्यापर्यंत कळ गेली, दरदरून घाम फुटला. घरी येऊन त्यांनी आलं-लिंबू घेतलं. "पित्त असेल" म्हणून अर्धा तास पडून राहिले. तो अर्धा तास त्यांना अजून सलतो. पुढे दवाखाना, अँजिओग्राफी, एक स्टेंट. तिथलं सगळं वेळेत आणि नीट झालं.

माझ्याकडे आले ते चार महिन्यांनी, काकूंचा हात धरून. सोबत दोनशे पानी वही होती. समास आखलेला, चार रकाने: वेळ, नाडी, छातीत काय, शेरा. दर अर्ध्या तासाला बोटाला ऑक्सिमीटर लावून नोंद. अक्षर वळणदार, पण शेऱ्याच्या रकान्यात "जरा जड?", "ठीक?", "कळ की भास?" एका पानावर मी चौदा प्रश्नचिन्हं मोजली. ज्या माणसाने आयुष्यभर मुलांना ठाम उत्तरं दिली, त्याच्या हातून ही प्रश्नचिन्हं उमटत होती. ती वही मी बराच वेळ हातात धरून बसले.

मुलगा सांगून चुकला होता, "बाबा, काही नाही, सगळं मनाचं आहे." हे वाक्य मी माझ्या खोलीत उच्चारत नाही. त्याने माणूस एकटा पडतो. शिवाय ते चूकही असू शकतं. सरांना बसल्या बसल्या मधूनच हवा अपुरी पडल्यासारखं व्हायचं. मी ते डॉक्टरांना सांगायला लावलं. सर टिकाग्रेलॉर ही रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत होते, आणि त्या गोळीने काहींना असं होतं. डॉक्टरांनी तपासून गोळी बदलली आणि तो त्रास थांबला. मनाचा म्हणून सोडून दिला असता, तर सर अजून तो वहीत लिहीत बसले असते.

पण भीती गेली नव्हती. मी ज्या परंपरेत शिकले तिचं म्हणणं असं, की घटनेने माणूस हलतो, पण त्याहून जास्त हलतो तो त्या घटनेबद्दल स्वतःशी जे बोलतो त्याने. म्हणून मी सरांचं स्वतःशी चाललेलं बोलणं ऐकायला बसले.

"सर, तुमच्या घराला वरचा मजला आहे. शेवटचे वर कधी गेलात?"

"दवाखान्यात जायच्या आदल्या रात्री. अठरा पायऱ्या आहेत."

"आता चढलात तर काय होईल असं वाटतं?"

"बंद पडेल."

"का बंद पडेल?"

ते थांबले. मग शर्टाच्या खिशातून घडीवर घडी घातलेला कागद काढला. टू-डी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट. घड्यांवर फाटायला आला होता. एका ओळीभोवती लाल पेनने चौकोन केलेला: इजेक्शन फ्रॅक्शन 50 टक्के.

"अर्धंच उरलंय, मॅडम. अर्ध्या हृदयावर कोण जिने चढतं? पस्तिसाला पास म्हणतात हो, पण पन्नासवाल्या पोराला मी काय बोलायचो ते मला माहीत आहे."

त्या दिवशी मी उत्तर दिलं नाही. मी डॉक्टर नाही. सरांसमोर फोन लावून त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांची वेळ घेतली, दोन दिवसांनी बोलून आले आणि पुढच्या भेटीत पाटीच घेऊन बसले.

"सर, वर्गात पहिला येणाऱ्याला किती मार्क?"

"पंच्याण्णव. अठ्ठ्याण्णव."

"हृदयाच्या या पेपरात धडधाकट माणसाला 55 ते 70 मिळतात. त्याहून वर सहसा कोणी जात नाही."

"कसं शक्य आहे?"

"डावा कप्पा रक्ताने भरतो. एका ठोक्याला त्यातलं किती बाहेर फेकलं, तो हा आकडा. सगळं कधीच फेकलं जात नाही. काही रक्त आत राहतं, ते राहायचंच असतं. हृदयाचा किती भाग जिवंत आहे, हे हा आकडा सांगत नाही."

खोलीत फक्त पंख्याचा आवाज. सरांनी कागद उलगडला, चष्मा वर केला, लाल चौकोनाकडे बघत राहिले. मग काकूंकडे. मग माझ्याकडे.

"म्हणजे पेपर शंभरचा नव्हता?"

"नव्हता."

त्यांनी खिशातलं पेन काढलं, पाटी सोडून रिपोर्टच्याच कोपऱ्यात पन्नास भागिले साठ मांडलं आणि 83 लिहिलं. डॉक्टर असं गणित करत नाहीत, आणि एरवी मीही करू दिलं नसतं. त्या क्षणी अडवलं नाही. चार महिने ज्या आकड्याने त्यांना पलंगावर बसवून ठेवलं, त्याला ते पहिल्यांदा स्वतःच्या हाताने हलवून बघत होते. त्यांच्या पापण्या ओल्या झाल्या होत्या. काकू तर उघडच रडत होत्या.

इतकी वर्षं हे काम करते आहे, पण असे क्षण मोजके. त्या दिवशी मला कळलं ते असं: अशा भीतीच्या मुळाशी पुष्कळदा एक कागद असतो, नाहीतर घाईत ऐकलेलं एक वाक्य. "हृदय थोडं कमजोर आहे." "आता जपा." सांगणारा पुढच्या पेशंटकडे वळतो, ऐकणारा ते वाक्य घरी घेऊन जातो. तेव्हापासून हृदयाचा पेशंट आला की मी आधी विचारते, तुमच्या डोक्यात अडकलेला आकडा किंवा शब्द कोणता?

तरीही पुढच्या आठवड्यात पलंग दिवाणखान्यातच होता. डोक्याला पटलं, छातीला पटायचं होतं. मी सरांना जुनी हकिगत सांगितली. एके काळी अटॅकच्या रुग्णाला आठवडेच्या आठवडे सपाट झोपवून ठेवत, कूससुद्धा बदलू देत नसत. बोस्टनच्या सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन या डॉक्टरांनी अशा रुग्णांना लवकर उठवून खुर्चीत बसवायला सुरुवात केली, आणि 1952 साली त्याबद्दल लिहिलं. आधी खूप विरोध झाला. पण पडून राहण्यानेच नुकसान होत होतं.

डॉक्टरांनी ट्रेडमिलची चाचणी घेऊन हिरवा कंदील दिला, मगच आम्ही जिन्याला हात घातला. वही तीच, रकाने बदलले. आता दोनच: भाकीत आणि आढळलं. काय होईल ते आधी लिहायचं, चढायचं, मग काय झालं ते लिहायचं. पहिल्या दिवशी चार पायऱ्या आणि खाली उतरून बसणं. ऑक्सिमीटर काकूंच्या कपाटात.

काकूंशी मी वेगळी बोलले. त्या रात्री दोन-तीनदा उठून सरांच्या नाकाशी हात धरून बघत. झोपेचं खोबरं झालेलं. "तुम्ही जपताय, पण त्यांना त्यातून ऐकू येतं की धोका अजून आहे," एवढंच मी म्हणाले. त्यांचा एक प्रश्न मात्र पदराशी चाळा करत आला, अर्धाच. तो जवळपास प्रत्येक घरात असतो आणि कोणी विचारत नाही, म्हणून इथे लिहिते. नवरा-बायकोच्या जवळिकीला स्टेंट आड येत नाही. छातीत न दुखता, फार दम न लागता दोन जिने चढता येत असतील तर सहसा हरकत नसते. डॉक्टरांना न लाजता विचारावं. मात्र जिभेखालच्या गोळीच्या, म्हणजे सॉर्बिट्रेटच्या, जोडीला व्हायग्रासारख्या, लैंगिक ताकद वाढवणाऱ्या गोळ्या घेऊ नयेत. रक्तदाब एकदम कोसळू शकतो.

आता तुमच्यापैकी जे सरांसारखे घाबरून बसले आहेत त्यांना थोडं सांगते. छातीत दाब, आवळल्यासारखं, चालताना येणारं आणि थांबल्यावर काही मिनिटांत ओसरणारं दुखणं असेल, तर दोन-चार दिवसांत डॉक्टरांना दाखवा. बसूनही येत असेल किंवा वाढत चाललं असेल तर त्याच दिवशी. बोटाने दाखवता येणारी, दाबल्यावर दुखणारी टोचणी बहुधा स्नायूची असते, पण निवाडा डॉक्टरांचा. सॉर्बिट्रेट दिली असेल तर खाली बसून जिभेखाली ठेवा. पाच मिनिटांत उतार नाही, किंवा घाम, धाप, मळमळ सोबत आहे, तर 108 ला फोन करा. आलं-लिंबू नको, सोडा नको, स्वतः गाडी चालवत जाणं तर नकोच. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना छातीत न दुखताही अटॅक येतो. नुसता थकवा, धाप, पोटात ढवळणं. त्याला "अशक्तपणा" म्हणून सोडू नका.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या दात काढायचाय म्हणूनसुद्धा स्वतःहून थांबवू नका, स्टेंट बंद पडू शकतो. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे घरातला सगळ्यात छोटा चमचा, आणि त्यात पापड-लोणचंही आलं. तंबाखू, मिश्री दोन्ही बंद, याला पळवाट नाही. आणि डॉक्टरांनी सांगितलंय तर चाला: बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, अशा वेगाने.

रोज रडू येणं, झोप उडणं, कशातच मन न लागणं असं दोन आठवड्यांच्या वर टिकलं तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. अटॅकनंतर नैराश्य पुष्कळांना येतं आणि त्यावर उपचार आहेत.

सर शेवटचे आले ते सातव्या महिन्यात, एकटे, एसटीने. पलंग वर गेला होता. किल्ल्याच्या पहिल्या वळणापर्यंत जाऊन येत होते, तेवढीच परवानगी होती. खिशात इकोचा कागद नव्हता, सॉर्बिट्रेटची पट्टी होती. वहीचं शेवटचं पान त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. भाकीत: वळणावर दम लागेल. आढळलं: लागला. दोन मिनिटं दगडावर बसलो. गेला.