एआरटीची (एचआयव्हीवरील उपचाराची) गोळी सुरू झाल्यापासून झोप लागत नाही, काय करावे?
आपले बंधू अंबडच्या कारखान्यात कामाला आहेत, तीन महिन्यांपूर्वी सुरू झालेली एचआयव्हीची गोळी रात्री साडेनऊला घेतात आणि पहाटे तीनपर्यंत टक्क जागे असतात, असे आपण लिहिले आहे. सरकारी केंद्रांतून सध्या बहुतेक प्रौढांना टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर यांची एकत्र गोळी मिळते, आणि तिच्यातील डोल्युटेग्राविरमुळे काही जणांची झोप उडते. अशा वेळी डॉक्टर बहुधा तीच गोळी सकाळी घ्यायला सांगतात. (पूर्वीच्या इफाविरेन्झ या एचआयव्हीच्या गोळीचे उलटे होते: चक्कर आणि विचित्र स्वप्ने यांमुळे ती झोपतानाच घ्यायला सांगत, आणि रात्रीच्या गोळीची सवय बहुधा तिथूनच राहिली.) वेळ बदलण्यापूर्वी गोळ्यांची डबी सोबत नेऊन आपल्या एआरटी केंद्रात विचारावे, परस्पर गोळी बंद करू नये. गोळी सकाळी ठरली, तर अ‍ॅसिडिटीचे मॅग्नेशियम किंवा अ‍ॅल्युमिनियम असलेले औषध (अँटासिड) तिच्यानंतर किमान दोन तासांनी किंवा तिच्या सहा तास आधी घ्यावे, अन्यथा ती अंगी नीट लागत नाही.
सगळा दोष गोळीवर टाकणे मात्र मला पटत नाही. आठवड्याला बदलणारी पाळी, रात्रपाळीतला चहा आणि घरमालकाला कळले तर काय ही धास्ती, यांपैकी एकही गोष्ट झोप मोडायला पुरेशी आहे, आणि केंद्रातील समुपदेशकाशी ती मोकळेपणाने बोलता येते. रात्री घाम, ताप किंवा खोकला असल्यास क्षयरोगाची तपासणी लगेच करून घ्यावी. मेडिकलमधून झोपेची गोळी स्वतःहून आणू नये.